मापाचा पांगारा

“वजन किती?” सर्फबोर्डांच्या दुकानातल्या मुलानं विचारलं.

“२०० पौंड,” मी म्हणालो.

खरा आकडा होता २२३, म्हणजे १०१ किलो. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे काट्यावर उभा राहिलो होतो, त्यामुळे चुकून बोललो असं म्हणायला जागा नाही. भिंतीला टेकवलेल्या त्या निमुळत्या, गुळगुळीत बोर्डांसमोर खरा आकडा तोंडातून निघेना. वय ५१. सर्फिंगचे तीन क्लास झालेले, तेही क्लासच्या मऊ फोमच्या बोर्डावर, छातीभर पाण्यात, मागून कुणीतरी ढकलून दिलेले. पण तेवढ्यावर असं वेड लागलं होतं की रात्री पलंगावर पडल्यावरही अंग पाण्यावर खालीवर होतंय असं वाटायचं.

मुलानं ७ फूट २ इंचांचा बोर्ड काढला. रुंदी २१½ इंच, जाडी २¾ आणि खाली बारीक अक्षरांत ४६ लिटर. “तुमच्या वजनाला भरपूर फोम आहे यात,” तो म्हणाला. त्यानं माझं वय विचारलं नाही. आठवड्यातून किती वेळा पाण्यात जाणार, कुठल्या किनाऱ्यावर, गुडघे कसे आहेत, खांदा पूर्ण वर जातो का, काहीच नाही. कोपऱ्यात नऊ फुटांच्या वरचे रुंद बोर्ड उभे होते. त्यांच्याकडे बोट दाखवलं तर म्हणाला, “त्यांचा तुम्हाला दोन महिन्यांत कंटाळा येईल.” या वाक्याचा मला अजून राग येतो. चूक दोघांची होती हे खरं. मी २३ पौंड लपवले आणि त्यानं विचारायचं ते विचारलं नाही. तरी विकणाऱ्याची जबाबदारी जास्त, असंच माझं मत आहे. चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकानं नंबर चुकीचा सांगितला तरी दुकानदार एकदा पायाकडे बघतोच.

कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिका गावचा लिंडा मार बीच आमच्या घरापासून गाडीनं पाऊण तास. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, हायवे १ ला लागून असलेला हा चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा. वाळूला खेटूनच टाको बेल हे फास्टफूडचं दुकान आहे आणि शनिवारी पहाटे तिथल्या पार्किंगमध्ये वेटसूट, म्हणजे थंडीपासून राखणारे रबरी कपडे, चढवणाऱ्यांची गर्दी असते. पाणी वर्षाचा बराच काळ १० ते १४ अंश. कोकणातल्या समुद्राची सवय असलेल्या माणसाच्या पोटरीत पहिल्या पावलाला कळ जाते. अशा पाण्यात मी चार महिने, एकही शनिवार न चुकवता, तो ४६ लिटरचा बोर्ड घेऊन उतरलो. त्या चार महिन्यांत मी स्वतःच्या हातांनी वल्हवून पकडलेल्या लाटा सहा.

असं व्हायचं: लाट मागून उचलायला लागे, मी जीव तोडून हात मारत असे, आणि बोर्ड पुढे सरकण्याऐवजी पाण्यात रुतल्यासारखा जड वाटे. लाट खालून निघून जाई. माझ्या दोन्ही बाजूंचे लोक उठून उभे राहून किनाऱ्याकडे गेलेले असत आणि मी तिथेच, तोंडात खारं पाणी. बोर्डावर बसलो तर पाणी बरगड्यांपर्यंत यायचं. पालथा झोपलो तर छातीखालचा बोर्ड दिसायचा नाही, तो पाण्याखाली गेलेला असायचा. नाक वर ठेवायचं म्हणून मान आणि कंबर ताणून धरायची, आणि वीस मिनिटांत कंबर भरून यायची. ताकद कमी पडते असं वाटून मी जिममध्ये जाऊन खांद्याचे व्यायाम वाढवले. त्यानं उजवा खांदा धरला. सहा आठवडे फिजिओथेरपी.

त्या सहा आठवड्यांत पाण्यात जाता येत नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसलो. पेशानं मी इंजिनिअर आहे, हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

बोर्डाचे लिटर म्हणजे तो पूर्ण पाण्याखाली दाबला तर जितकं पाणी बाजूला सारील तितके. आठवी-नववीत शिकलेलं आर्किमिडीजचं तत्त्व, त्यापलीकडे काही नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला साधारण १.०२५ किलो. म्हणजे ४६ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तरी वर ढकलणार ४७ किलोंच्या जोरानं, त्यातून त्याचं स्वतःचं चारेक किलो वजन वजा. उरले ४३. माझे १०१ किलो आणि ओल्या वेटसूटचे तीन, असे १०४. उरलेला ६१ किलोंचा भार पेलायचा कुणी? शरीरानंच, स्वतः पाण्यात बुडून. माणसाचं शरीर पाण्यात जेमतेम तरंगतं, त्यामुळे निम्म्याहून जास्त अंग पाण्यात गेल्याशिवाय हा हिशोब जुळत नाही. मी बोर्डावर झोपलेलोच नव्हतो. चार महिने मी एक फळी कवटाळून पोहत होतो, आणि लाटेच्या वेगानं पोहणं कुणालाच जमत नाही.

हे आकडे कागदावर उतरले तेव्हा मला अण्णाकाका आठवले.

राजापूरच्या बाजूला आमचं गाव. घरामागच्या विहिरीत आम्हा सगळ्या चुलत भावंडांना अण्णाकाकांनी पोहायला शिकवलं. त्यासाठी पांगाऱ्याचे ओंडके असत. पांगारा म्हणजे कुंपणाला लावतात तो काटेरी, शिमग्याच्या सुमारास पानं गाळून लालभडक फुलणारा. त्याचं लाकूड जळणाला निरुपयोगी आणि खांबाला कच्चं, पण वाळलं की पाण्यावर पिसासारखं राहतं. अण्णाकाका मे महिन्याच्या सुरुवातीला आम्हाला विहिरीच्या काठावर ओळीत उभं करायचे आणि प्रत्येकाला काखेत धरून एकदा उचलून बघायचे. मग ओंडका निवडायचे. मी सगळ्यांत जड. मला दोन ओंडके, काथ्याच्या दोरीनं पाठीवर बांधलेले. बाकीच्यांना एक. मला लाज वाटायची, तेव्हा अण्णाकाका म्हणाले होते, “अरे, पाण्याला तुझं वजन ठाऊक आहे. त्याच्यापासून काय लपवायचंय?” जसजसे पाय मारायला यायला लागले तसतसे ते कोयतीनं ओंडक्याची एकेक ढलपी काढत गेले. मे संपता संपता माझ्या पाठीवर मुठीएवढं लाकूड उरलं होतं, आणि एके दिवशी तेही नव्हतं. मला ते दोन फेऱ्या मारून झाल्यावर कळलं.

खांदा धरलेला असताना सर्फबोर्डांच्या इतिहासाबद्दल जे हाती लागेल ते वाचत होतो, तेव्हा एके रात्री एका शब्दापाशी थांबलो. विलीविली. हवाईच्या लोकांचे जुने बोर्ड कोआ, उलू म्हणजे नीरफणस, आणि विलीविली या लाकडांचे असत. त्यातला विलीविली सगळ्यांत हलका. त्याचं शास्त्रीय नाव पाहिलं: एरिथ्रिना सँडविसेन्सिस. आपला पांगारा एरिथ्रिना व्हेरिएगाटा. एकाच कुळातले सख्खे भाऊ. विलीविलीही काटेरी, तोही उन्हाळ्यात पानं टाकून फुलतो. मध्यरात्री बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, “उद्या सकाळी परत सांग, म्हणजे मलाही आनंद होईल.” सकाळी सांगितलं, आणि झाला तिलाही.

हवाईत दोन तऱ्हांचे बोर्ड असत. अलाया हा पातळ आणि आखूड, सगळ्यांनी वापरायचा. ओलो लांब, जाड, दोन्ही अंगांनी फुगीर, आणि तो फक्त अलीई म्हणजे सरदार-राजांचा. विलीविलीचं लाकूड ओलोसाठी. तिथे मोठा बोर्ड कमी येणाऱ्यासाठी नव्हता, तो मानाचा होता. अब्नेर पाकी नावाचा एक अलीई एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. ६ फूट ४ इंच उंची आणि ३०० पौंड वजन असं त्याचं वर्णन येतं, आणि समुद्र खवळल्याशिवाय तो पाण्यात उतरत नसे अशी ख्याती. त्याचे दोन ओलो होनोलुलूच्या बिशप म्युझियमच्या संग्रहात आहेत. प्रत्येकी १५ फुटांच्या आसपास लांब आणि दीडशे पौंडांच्या घरात वजनाचे. हे म्युझियम १८८९ मध्ये उभं राहिलं ते पाकीच्याच लेकीच्या, राजकन्या बर्नीस पौआहीच्या स्मरणार्थ. १९२० च्या दशकात टॉम ब्लेक या अमेरिकन माणसानं ते जुने ओलो घासूनपुसून नीट केले, त्यांच्यावरून नवे घडवले, आणि पुढे आतून पोकळ बोर्ड करायची युक्ती काढली. ड्यूक कहानामोकू, ज्यानं सर्फिंग जगभर नेलं, त्यानंही १९३० च्या सुमारास स्वतःसाठी १६ फुटी, ११४ पौंडांचा बोर्ड केला होता. ऑलिंपिकची सुवर्णपदकं तोवर जुनी झाली होती. वय ४०.

तीनशे पौंडांचा पाकी माझ्या मनात घर करून राहिला. मी २३ पौंड लपवतो आणि हा माणूस १३६ किलो पाण्यावर नेऊन ठेवतो.

मग मोठा बोर्ड खाली कसा आला? १९६७-६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि हवाईत बोर्ड झपाट्यानं आखूड झाले. एकदोन वर्षांत साडेनऊ फुटांवरून सात, साडेसहा. तरुणांना लाटेच्या पोटात तीव्र वळणं घ्यायची होती आणि त्यासाठी ते योग्यच होतं. पण तेव्हापासून खेळाचं चित्रच त्या बोर्डाचं झालं. मासिकांतले फोटो, जाहिराती, दुकानाच्या भिंती, सगळीकडे ७०-७५ किलोंचे पंचविशीतले खेळाडू आणि त्यांचे २६-२८ लिटरचे बोर्ड. त्या चित्रात मी नव्हतो, आणि सांगायचं म्हणजे सर्फिंग करणाऱ्यांतले बहुतेक जण त्यात नाहीत.

खांदा बरा झाल्यावर लिंडा मारऐवजी सांता क्रूझला गेलो. हायवे १७ चे डोंगरातले वळसे उतरून गेलं की लाकडी धक्क्याच्या पश्चिमेला कावेल्स नावाचा किनारा लागतो. कड्याच्या आडोशाला, ओहोटीला मऊ, लांबच लांब जाणाऱ्या लाटा. १८८५ मध्ये हवाईचे तीन राजपुत्र सॅन मटेओला शिकायला होते, त्यांनी कावेल्सजवळच्याच सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी रेडवूडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंगची नोंद तिथून सुरू होते.

कावेल्सला सत्तरीच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. पांढरे केस, बारीक अंग, खाली साडेनऊ फुटांचा पिवळा बोर्ड. माझ्या खालून तीन लाटा निघून गेलेल्या त्यांनी पाहिल्या. काही न बोलता पायाची दोरी, म्हणजे लीश, सोडली आणि बोर्ड माझ्याकडे ढकलला. “दोन लाटांपुरती अदलाबदल,” म्हणाल्या.

त्या बोर्डावर झोपलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. छातीखाली पाणी नाही. मान न ताणता समोरचं दिसतंय. बोर्डाचं टोक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर. चार हात मारले आणि बोर्ड घसरायला लागला, हात थांबवला तरी घसरतच राहिला. लाट आली तेव्हा ती अजून फुटायची होती, नुसता एक गोल उंचवटा. मी सवयीनं जोर लावायला गेलो तोवर बोर्डानं ती घेतलीसुद्धा. आणि मग वेळ होता. हात बोर्डावर टेकवले, एक गुडघा आणला, दुसरा पाय आणला, खाली बघितलं, वर बघितलं, उभा राहिलो. धक्क्याचे खांब बाजूनं सरकत होते. एवढा लांबचा प्रवास मी कधीच केला नव्हता, गुडघाभर पाण्यात येईपर्यंत उभाच होतो. मागे वळून पाहिलं तर बाई माझ्या ४६ लिटरच्या बोर्डावर सुरेख वळण घेत येत होत्या. त्यांचं वजन असेल जेमतेम ५५ किलो. बोर्ड वाईट नव्हता. तो त्यांच्या मापाचा होता.

त्या लाटेनं मला जे कळलं ते मी तेव्हापासून भेटेल त्या पन्नाशीच्या माणसाला सांगतो: लिटर म्हणजे वेळ. आखूड, कमी फोमचा बोर्ड लाट पकडतो तो ती उभी झाल्यावर, फुटायच्या बेतात असताना. तिथे उभं राहायला पापणी लवेपर्यंतचा अवधी मिळतो. पंचविशीतल्या माणसाला तो पुरतो. पन्नाशीत दम असतो, हौस असते, ताकदही बऱ्यापैकी असते, पण गुडघा पोटाखाली यायला जो क्षण लागतो तो आता थोडा लांबलेला असतो. मोठा बोर्ड लाट आधी पकडतो, ती सपाट असताना, आणि तो क्षण तुमच्या हातात ठेवतो. एकदा लाटेवर धावायला लागलं की लिटरचं काम बरंचसं संपतं. चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत जातो तसं मग वेगच बोर्डाला उचलून धरतो. १०४ किलोंच्या माणसाला नुसतं उभं राहून तरंगायला १०० लिटरच्या वर लागतील, पण तसं कुणी उभं राहत नाही. लिटर लागतात ते त्याच्या आधीच्या त्या चार हातांसाठी.

किती घ्यायचे? जाणत्यांचा ठोकताळा वजनाच्या पटीत असतो. कसलेला तरुण किलोमागे ०.३५ ते ०.४ लिटरवर खेळतो. नियमित जाणारा, पण वयानं आणि अंगानं भरलेला माणूस ०.६ ते ०.७ वर सुखी असतो. नवा असेल तर ०.८ पासून थेट किलोला लिटर. माझा पहिला बोर्ड ०.४६ होता, म्हणजे वीस वर्षं लाटांत घालवलेल्याला शोभेल असा. वजन धरताना वेटसूटसकट धरा. थंड पाण्यातला जाड सूट, बूट, डोक्यावरची टोपी, सगळं ओलं.

पण लिटरचा आकडा पाहून बोर्ड घेणं म्हणजे चोवीस कॅरट पाहून दागिना घेणं. घडण कोण बघणार? एकाच ८० लिटरचे दोन बोर्ड मी वापरलेत, एक लोण्यासारखा आणि एक खोक्यासारखा. फोम कुठे आहे ते महत्त्वाचं. मोठ्या अंगाच्या माणसाला तो छातीखाली हवा, मध्यापेक्षा किंचित पुढे. पन्नाशीनंतर पाठीची कमान पूर्वीसारखी होत नाही, ते काम बोर्डानं करायला हवं. नुसती जाडी वाढवून, कडा चौकोनी ठेवून लिटर भरले असतील तर बोर्ड पाण्यावर बुचासारखा डुचमळतो आणि वळवताना कड पाण्यात शिरत नाही. बोर्डाची पाठ मधोमध फुगीर आणि कडांकडे उतरती असेल तर जाडी पोटात राहते आणि कड धारदार राहते. तळाचा बाक कमी असावा, विशेषतः मधल्या भागात, म्हणजे सपाट लाटेवरही बोर्ड घसरतो. फार सपाट झाला तर मात्र उभ्या लाटेवर टोक पाण्यात घुसतं. मऊ लाटांच्या किनाऱ्याला एक माप, खड्या लाटांच्या किनाऱ्याला दुसरं. माझ्यासाठी कावेल्स, म्हणून सपाटाकडे झुकलेला. गोव्यात आश्वे-मांद्रेच्या लहान, संथ लाटांसाठी तर आणखीच.

रुंदीबद्दल फार कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. २३-२३½ इंच मला स्थैर्य देतात. २४ च्या पुढे गेलो की हात बोर्डाच्या कडेवरून बाहेर काढून पाण्यात न्यावा लागतो, खांदा दर वेळी वर चढतो, आणि तोच दुखरा खांदा संध्याकाळी बोलतो. शिवाय एवढा रुंद बोर्ड काखेत मावत नाही. पार्किंगपासून पाण्यापर्यंत कसा नेणार, गाडीच्या टपावर एकट्यानं कसा चढवणार, हे प्रश्न दुकानातच सोडवून घ्यावेत. या वयात बोर्ड उचलताना पाठ धरून घरी परतलेले मी पाहिलेत. ईपीएस फोम (थर्माकोलच्या जातीचा) आणि इपॉक्सीचा बोर्ड हलका असतो आणि पाण्यावर उंच बसतो. जुन्या पद्धतीचा पॉलियुरेथेनचा जड असतो, पण वाऱ्यानं उधळलेल्या पाण्यात तो जडपणा बोर्डाला शांत ठेवतो. मला जड आवडतो. उचलायला मुलगी येते.

मी पुढचा बोर्ड जुना घेतला. ९ फूट ६ इंच, २३½, ३½, ८४ लिटर. विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये तो दोन तिवयांवर आडवा ठेवलेला होता. मधल्या लाकडी पट्टीवर, काचेसारख्या थराच्या आत, घडवणाऱ्यानं पेन्सिलीनं मापं लिहिलेली, नवाचा आकडा किंचित झुकलेला. बाजारात मडकं घेताना वाजवून घेतात तसा मी बोटाच्या पेरानं तो टोकापासून शेपटीपर्यंत वाजवत गेलो. टक, टक, टक, आणि उजव्या टाचेच्या जागी ढब. तिथे वरचा थर फोमपासून सुटला होता. अंगठ्यानं दाबलं तर हलकासा आत गेला. विकणाऱ्यानं न सांगता ६० डॉलर कमी केले. ती सुटलेली जागा मी स्वतः दुरुस्त केली, दोन रविवार लागले. कुणी जुना बोर्ड घेणार असेल तर वाजवल्याशिवाय घेऊ नका, आणि ईपीएसचा असेल तर चिरांच्या कडेला पाणी पिऊन पिवळा पडलाय का तेही पाहा.

घरी येऊन हिशोब परत केला. ८४ लिटर म्हणजे ८६ किलोंची उचल, बोर्डाचं वजन आठ, उरले ७८. शरीरावर भार फक्त २६ किलोंचा. पाय आणि कुशी तेवढं सहज पेलतात. त्या महिन्यात लाटा मोजणं सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगावीशी वाटते. मोठा बोर्ड हातातून सुटला की तो दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. आखूड बोर्ड घेऊन लाटेखाली बुडी मारता येते, ८४ लिटर कुणाच्या बापाला बुडवता येत नाहीत. बोर्डासकट उलटं व्हायचं, कडा घट्ट धरायच्या, आणि लाट वरून जाऊ द्यायची, हे शिकल्याशिवाय खोल जाऊ नये. लाट आणि तुम्ही यांच्या मध्ये बोर्ड कधीच येऊ देऊ नये. दोरी बोर्डाइतकी लांब हवी. आणि मोठा बोर्ड सगळ्यांच्या आधी लाट पकडतो म्हणून प्रत्येक लाट आपली नसते. मी एक घेतो, दोन सोडतो.

जपानच्या सेइची सानो यांनी ८० व्या वर्षी फुजी पर्वत चढला आणि त्यानंतर सर्फिंग शिकायला घेतलं. ८९ व्या वर्षी जगातले सर्वांत वयस्कर पुरुष सर्फर म्हणून गिनेसनं त्यांची नोंद केली. मी त्यांचं नाव आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवलंय. त्या हिशोबानं माझ्याकडे बरीच वर्षं आहेत, आणि बोर्डही लागतील.

गेल्या महिन्यात एका घडवणाऱ्याकडे गेलो. सांता क्रूझमध्ये एका गोदामाच्या मागे त्यांची खोली. भिंती गडद निळ्या, दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीला ट्यूबलाइट, म्हणजे फोमवरचा प्रत्येक उंचसखलपणा सावलीनं उठून दिसावा. जमिनीवर पिठासारखा पांढरा भुगा. त्यांनी मला उभं करून खांद्याची रुंदी टेपनं मोजली. हात वर करायला लावले, उजवा अर्ध्यात अडकला तो पाहिला. जमिनीवर पालथं झोपायला सांगितलं, छाती किती उचलता येते ते बघितलं, आणि मग “उठा आता, जसे लाटेवर उठता तसे,” म्हणाले. उठलो. ते घड्याळाकडे बघत होते. अण्णाकाकांनी काखेत धरून उचलावं तसं वाटलं मला, ४३ वर्षांनी.

मग एक कार्ड पुढे केलं. लांबी, रुंदी, जाडी यांचे रकाने त्यांनी रिकामेच ठेवायला सांगितले, ते त्यांचं काम. माझं काम वय, किनारा, दुखणी आणि वजन. मी ५३ लिहिलं, कावेल्स लिहिलं, उजवा खांदा लिहिला, आणि वजनापुढे १०१ किलो.

“सुक्यात?” त्यांनी विचारलं.

मी पेन परत घेतलं, १०१ खोडलं आणि १०४ लिहिलं.